अधिकार कुणी ठरवायचा?

'फॉलआउट' या गेममधल्या ब्रदरहूड ऑफ स्टीलचा मला राग येतो. त्यांची सुरुवात मात्र मोठी नीतिमान. नातवाने सांगितली ती अशी: 2077 साली कॅलिफोर्नियातल्या मारिपोसा तळावर कैद्यांवर विषाणूचे प्रयोग चाललेत, हे कॅप्टन रॉजर मॅक्सनला कळतं आणि तो सरकारविरुद्ध बंड करतो. काही दिवसांतच अणुयुद्धात जग जळतं. विज्ञान नको त्या हातांत गेलं म्हणून हे झालं, तेव्हा उरलंसुरलं आपणच सांभाळायचं, असं तो ठरवतो. त्याचे वारस पोलादी चिलखतं घालून हिंडतात, लोकांकडची यंत्रं नि लेझर बंदुका काढून घेतात आणि तळघरात रचतात. म्हणणं एकच: तुमचा तो अधिकार नाही.

हा शब्द मी म्हैसूरला संस्कृत शिकवताना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त आरंभीच अधिकारी कोण ते सांगितलंय. विवेक, वैराग्य, मोक्षाची तळमळ वगैरे पुढे येतं. आधी अट विधिपूर्वक वेद शिकल्याची. इथे वर्गातलं कुणीतरी हात वर करायचंच. "मॅडम, ज्यांना वेद शिकूच दिले नाहीत, त्यांचं काय?" मागच्या जन्मीचं अध्ययनही चालतं अशी सोय ग्रंथात आहे. ती सांगितली की मुली हसायच्या, आणि त्यांचं हसणं मला कधी उद्धट वाटलं नाही.

आमच्याच गावातली दुसरी गोष्ट. 1905 च्या सुमारास तंजावरकडच्या एका पंडिताने कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची ताडपत्रं इथल्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्रींनी 1909 मध्ये ती छापली. त्यातलं चौदावं अधिकरण जहाल आहे: विषं, आंधळं करणारा धूर, शत्रूत रोग पसरवण्याचे उपाय. हे फक्त अधार्मिकांवर वापरावं, असं कौटिल्य बजावतो. अधार्मिक कोण, ते अर्थात वापरणाराच ठरवणार! शामशास्त्रींनी तेही अधिकरण छापलं. वाचकाचा अधिकार तपासत बसले नाहीत.

मग सगळंच उघडं टाकावं का? तसं मी म्हणणार नाही. म्हैसूरजवळ रत्नहळ्ळीला युरेनियम समृद्धीकरणाचा कारखाना आहे. त्याची कृती चौकात वाटा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण ते कुलूप सरकारचं आहे, आणि सरकार, निदान कागदोपत्री, निवडून दिलेल्यांना उत्तर देणं लागतं. ब्रदरहूडला विचारणारं कुणी नाही. ज्या मॅक्सनने वरिष्ठांना जाब विचारला, त्याच्याच वारसांनी स्वतःला जाब विचारण्याची वाट ठेवली नाही. बाहेरच्या माणसाने लायक कसं व्हावं, हे बहुतेकदा ते सांगतही नाहीत. 'वेदान्तसार' निदान पुढच्या जन्माचा तरी वायदा करतो.

माझ्या लेखी ते ज्ञानाचे राखणदार नव्हेत, वतनदार आहेत.