बाजूक सर

आमच्या देवगडाकडची जुनी माणसं पोरांना सांगत, "झिला, दर्याशी झगडा नको, बाजूक सर." हे भित्र्याचं शहाणपण म्हणायचं का?

लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या खोलगट वाटेनं जोरात परत फिरतं. तिथं लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून जागा शांत दिसते. त्या ओढीत सरळ किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो, बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहलं की ओढ सुटते. मग फुटणाऱ्या लाटाच माणसाला वाळूकडे ढकलतात. मागं बघत यायचं, मोठी लाट आली की खाली बुडी मारायची.

मला तरी यात भित्रेपणा दिसत नाही. झुंजून बुडलेल्याचं कौतुक गाव दोन दिवस करतं. चूल मात्र त्याच्या बायकोलाच पेटवावी लागते.