पाहुणा आणि शेजारी

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. पत्र म्हणजे हल्लींच्या रीतीचें, लिहिल्या क्षणींच पोंचणारें. ती जर्मनींत शिकत आहे. शनिवार-रविवारला लागून सणाची सुट्टी आल्यामुळें तिला चार दिवस मोकळे मिळत होते व तेवढ्यांत ती बर्लिन पाहून येणार होती. "सर, तुम्हीं तरुणपणीं बर्लिन पाहिल्याचें वर्गांत पुष्कळदां सांगत होतां. तेथें काय पाहावें याची एक यादी मला धाडा," असें तिनें लिहिलें होतें. मी यादी करावयास बसलों. पहिलीं पांच-सहा नांवें भराभर लिहून झालीं आणि हात थांबला. "मीं बर्लिन पाहिलें" हें वाक्य मी जवळजवळ तीस वर्षें उच्चारीत आलों आहें. तें खरें आहे काय, असा प्रश्न मला पडला आणि कागद तसाच राहिला.

ही गोष्ट १९९६ सालची. एका शिष्यवृत्तीवर मी वर्षभर इंग्लंडांत शिकत होतों. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत चार दिवस विद्यापीठ ओस पडे. गुरुवारीं संध्याकाळीं लंडनहून बसनें निघून, रात्रभर व दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत गुडघे आंखडून बसून, मी बर्लिनला पोंचलों. तेथें माझा एक मराठी स्नेही संशोधन करीत होता. शहराच्या नैर्ऋत्येस डालेम नांवाच्या दाट झाडीच्या उपनगरांत एका वृद्ध बाईच्या घरीं त्यानें खोली घेतली होती.

चार दिवसांत माणूस पायांनीं किती चालेल व डोळ्यांनीं किती गिळील याला मर्यादा नसते, हें मला तेव्हां कळलें. भिंत पडून सहा वर्षें होऊन गेलीं होतीं. पोट्सडामर चौकांतल्या ओसाड पट्टीवर याऱ्यांचें रान माजलें होतें. पेर्गामोनचें देवालय पाहिलें, राजवाड्यांच्या कमानी पाहिल्या. परंतु सर्वांत खोल ठसा उमटला तो बेबेलप्लाट्झ नांवाच्या चौकाचा. १९३३ सालच्या १० मे रोजीं नाझी विद्यार्थ्यांनीं येथें ग्रंथांची होळी केली. त्या जागीं फरशींत एक कांच बसविली आहे. वांकून पाहिलें म्हणजे खालीं पांढऱ्याशुभ्र रिकाम्या कपाटांची एक खोली दिसते. तें स्मारक उभारून तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. मी बराच वेळ तेथें उभा राहिलों. डोळे भरून आले. आज तें आठवतांना मला त्या अश्रूंची थोडी शरम वाटते. कारण त्या दुःखांत एक गोड भागही होता. परक्यांच्या पापावर रडणारा आपण कसा चांगला माणूस आहोंत, ही ती गोडी. त्या दुःखाला मला एक पैही पडली नव्हती.

शनिवारीं डालेममधलेंच भारतीय कलेचें संग्रहालय पाहिलें. मध्य आशियांतल्या तुर्फानच्या गुहांतून कापून आणलेलीं भित्तिचित्रें तेव्हां तेथें होतीं. आतां तो संग्रह शहराच्या मध्यभागीं हुंबोल्ट फोरममध्यें हलविला आहे. परदेशांत बुद्ध भेटला म्हणून मी इतका हरखलों कीं, हीं चित्रें त्या भिंतींवरून सुटलीं कशीं हा प्रश्न मला सुचलाच नाहीं. परत येतांना ऊन कोंवळें होतें. स्नेह्याच्या घराकडे जाण्यास इह्नेस्ट्रासे नांवाचा रस्ता सोयीचा पडे. दुतर्फा झाडें, मागें विद्यापीठाच्या इमारती, सायकलवर तरुण मुलें. त्या रस्त्यानें त्या चार दिवसांत मी तीन-चार वेळां तरी गेलों असेन. माझ्या टिपणवहींत त्याविषयीं एवढीच नोंद आहे कीं, येथें आपल्या प्रभात रस्त्याची आठवण होते.

रविवारीं सकाळीं घरमालकीणबाईंनीं आम्हांला न्याहारीला बोलाविलें. बाई ऐंशीच्या घरांतल्या, हंसतमुख. काय काय पाहिलेंस म्हणून त्यांनीं विचारलें. मीं बेबेलप्लाट्झचें नांव काढलें. त्या म्हणाल्या, आणि माझ्या स्नेह्यानें मला तें मराठींत सांगितलें, कीं मी जन्मभर येथेंच राहिलें, पण तिकडे कांहीं गेलें नाहीं. आम्हां इथल्यांना सवड कुठें? "बाई म्हणतात, पाहणें हें पाहुण्यांचें काम," असा स्नेह्यानें त्याला मराठी साज चढविला आणि आम्ही तिघेंही हंसलों.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, इरावतीबाई कर्व्यांच्या चरित्राविषयीं वाचीत असतां, मला इह्नेस्ट्रासे हें नांव पुन्हां भेटलें. त्या रस्त्यावरील २२ क्रमांकाची इमारत म्हणजे १९२७ सालीं उघडलेली कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्रसंस्था. महर्षि कर्व्यांच्या या सुनेनें १९२८ ते १९३० या काळांत तेथें राहून डॉक्टरेटचा अभ्यास केला. ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु. मनुष्याची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते. तर हा असमतोल वंशावर अवलंबून आहे काय, युरोपीय माणसाच्या बुद्धीची खूण त्यांत सांपडते काय, हें कवट्या मोजून पाहावयाचें होतें. फिशरसाहेबांचा कल कोणीकडे होता हें सांगावयास नको. समोर मांडलेल्या कवट्यांपैकीं कित्येक जर्मनीच्या आफ्रिकेंतील व इतर वसाहतींतून आणलेल्या होत्या. पारतंत्र्यांतल्या देशाची ही तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी त्या मोजीत बसली. आणि मापें सांगतील तें तिनें लिहिलें. वंश आणि असमतोल यांचा संबंध तिच्या मापांनीं सिद्ध झाला नाहीं. गुरूच्या घरांत बसून गुरूचा सिद्धांत नाकारणें सोपें नव्हे.

पुढचा इतिहास काळा आहे. फिशर १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. त्यांच्या संस्थेनें नाझी राज्याच्या वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा आधार पुरविला, आणि युद्धकाळांत आउश्वित्सच्या छावणींतून डॉक्टर मेंगेलेनें बळी पडलेल्या माणसांचे डोळे व रक्ताचे नमुने याच संस्थेकडे धाडले. आज त्या इमारतींत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४ सालीं जवळच रस्ता खणतांना माणसांच्या हाडांचे तुकडे निघाले. पुढें आणखी खणलें तेव्हां आणखी निघाले. तीं हाडें कोणाकोणाचीं, हें ठरवितां आलें नाहीं. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत डालेमच्या दफनभूमींत त्यांना मूठमाती दिली.

माझ्या पायांखालीं १९९६ सालीं तें सर्व होतें. वर पाटीही होती! १९८८ पासून त्या इमारतीवर संस्थेच्या कृत्यांची पाटी लावलेली आहे. मीं ती वाचली नाहीं. मला जर्मन येत नव्हतें हें कारण खरें, पण पुरेसें नाहीं; कारण संग्रहालयांतल्या पाट्या मी शब्दकोश हातांत घेऊन वाचीत होतों. जेथें रडण्याची सोय केलेली होती तेथें मी रडलों, जेथें ती नव्हती तेथें मला झाडें दिसलीं.

हें वाचल्यावर माझ्या मनांत पहिला विचार आला तो मात्र स्वतःविषयींचा नव्हता. तो त्या हंसतमुख बाईंविषयींचा होता. त्यांचें घर तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर. जन्मभर तेथेंच राहिल्या. त्यांना ठाऊक नव्हतें? मीं त्यांना मनांतल्या मनांत आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, आणि मग रीतसर विचार करूं लागलों कीं, न जाणणें हा अपराध केव्हां होतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं नकळत घडलेल्या पापाला व बुद्ध्या केलेल्या पापाला निरनिराळीं प्रायश्चित्तें सांगितलीं आहेत. अॅरिस्टॉटल एक पाऊल पुढें जातो. अज्ञानामुळें चुकलेल्या माणसाला तो क्षमा करतो, मात्र पुढें त्याला पश्चात्ताप झाला पाहिजे. पण दारू पिऊन ज्यानें आपलें भान घालविलें त्याला "मला कळत नव्हतें" असें म्हणण्याचा अधिकार तो देत नाहीं. तें अज्ञान त्यानें स्वतःच विकत घेतलेलें असतें. महाभारतांत हीं दोन्ही अज्ञानें एकाच पलंगावर बसलेलीं आहेत. धृतराष्ट्राला दिसत नव्हतें. गांधारीनें दिसूं दिलें नाहीं. इरावतीबाईंना 'युगान्त' लिहितांना गांधारीवर स्वतंत्र लेख लिहावासा वाटला, यांत मला नवल वाटत नाहीं.

परंतु या विवेचनांत मला अडचण अशी दिसूं लागली कीं, आपल्यापैकीं बहुतेक माणसें धृतराष्ट्रही नसतात व गांधारीही नसतात. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी नसते. त्यांना दिसतें, रोज दिसतें, आणि रोज दिसतें म्हणूनच तें दिसेनासें होतें. पाहुण्याला वेळ नसतो म्हणून तो चुकतो. शेजाऱ्याजवळ तर वेळच वेळ असतो.

हें मी लिहितों आहें तें कर्वेनगरांत बसून. नकाशावर पूर्वीं या जागेचें नांव हिंगणें बुद्रुक. विधवांसाठीं १८९६ सालीं काढलेला आश्रम अण्णासाहेब कर्व्यांनीं १९०० सालीं शहराबाहेर या माळावर आणला. एका झोपडींत संसार मांडला, आणि रोज कांहीं मैल पायीं तुडवीत ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास जात राहिले. त्या वेळीं आमचें घराणें सदाशिव पेठेंत होतें. माझ्या आजोबांची थोरली बहीण अकराव्या वर्षीं विधवा होऊन १९०८ च्या सुमारास माहेरीं परत आली. केशवपन झालें, अंगावर आलवण आलें. पुढचीं सत्तर वर्षें तिनें आमच्या माजघरांत काढलीं. १९७९ सालीं ती गेली तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. तिच्या हातच्या शेवयांइतक्या बारीक शेवया मीं पुन्हां खाल्ल्या नाहींत. तिला अक्षर येत नव्हतें. हिंगणें आमच्या दारापासून तीन-चार मैलांवर होतें.

माझे आजोबा दुष्ट नव्हते, आणि अडाणी तर मुळींच नव्हते. ते शाळामास्तर होते. अण्णासाहेबांविषयीं त्यांना अपार आदर होता. वडील वारल्यावर त्यांची जुनी ट्रंक मीं उघडली तेव्हां तिच्या तळाशीं सुतळीनें बांधलेला पावत्यांचा एक गठ्ठा निघाला. हिंगण्याच्या संस्थेचे कार्यकर्ते दरसाल घरोघर जाऊन भाऊबीज गोळा करीत. त्या भाऊबिजेच्या त्या पावत्या. कोठें आठ आणे, कोठें रुपया, एका वर्षीं तर पांच रुपये. आणि आमच्या घरचा रिवाज असा होता कीं, सोंवळ्या बाईनें कोणाला ओवाळावयाचें नाहीं. म्हणजे दरवर्षीं त्या दिवशीं आजोबांनीं न पाहिलेल्या बहिणींना ओवाळणी घातली, आणि पाठची बहीण आंत पुरणाचा घाट घालीत राहिली. तो गठ्ठा हातांत घेऊन मी ट्रंकेपाशीं बसून होतों, तेव्हां मला बेबेलप्लाट्झची कांच आठवली. आजोबांच्याही हृदयांत त्या पावतीच्या क्षणीं तीच गोडी उत्पन्न झाली असेल.

बर्लिनच्या पापाशेजारीं आमच्या माजघरांतला अन्याय मांडणें म्हणजे तोल सुटणें, असें कोणी म्हणेल. मीं त्या दोन गोष्टी एका तराजूंत घातलेल्या नाहींत, आणि घालणारही नाहीं. मी जोखतों आहें ते शेजारी. आजोबांना भीति होतीच. १८९३ सालीं कर्व्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केल्यावर मुरुडकरांनीं त्यांना बहिष्कृत केलें, ही गोष्ट घरोघर माहीत होती. आजोबांना मुलींचीं लग्नें करावयाचीं होतीं. शिवाय स्वतः अण्णासाहेबही सर्व वेळ सर्व दिशांस पाहूं शकत होते असें नव्हे. हजारों मुलींना शाळेची वाट दाखविणाऱ्या या पुरुषानें सुनेच्या जर्मनीला जाण्यास विरोधच केला होता. दिनकरराव ठाम राहिले म्हणून त्या गेल्या. हें मी त्यांना उणें आणण्यासाठीं सांगत नाहीं. आपल्या घराच्या उंबऱ्यावर दृष्टि अडखळते ती एवढ्या मोठ्या माणसाचीही, हें ध्यानांत आल्यावर आजोबांवरचा माझा राग जरा निवळला, इतकेंच. गेला नाहीं.

त्या जर्मन बाईंवरचा मात्र गेला. त्यांना विचारावें असें जें जें मला वाटत होतें तें तें मला आमच्या घरांत विचारतां आलें असतें. मीं कधीं विचारलें? १९८२ सालीं आमचें बिऱ्हाड कर्वेनगरांत आलें. आत्याआजीला हिंगण्यास येणें घडलें नाहीं. आम्ही मात्र आलों, तेंही जागा स्वस्त मिळाली म्हणून. अण्णासाहेबांची झोपडी संस्थेच्या आवारांत जपून ठेविली आहे. इतक्या वर्षांत मी ती चार-पांच वेळां पाहिली असेल, आणि दर वेळीं बरोबर कोणी ना कोणी परगांवचा पाहुणा होता.

विद्यार्थिनीला मीं अखेर यादी धाडली. संग्रहालयें आहेत, राजवाडा आहे, बेबेलप्लाट्झ आहे. शेवटीं इह्नेस्ट्रासे, क्रमांक २२, असें लिहून पाटी वाचण्यास सांगितलें. तिला जर्मन येतें.

त्याच रविवारीं मी एकटा झोपडीपर्यंत जाऊन आलों. घरीं आलों तेव्हां आई गॅलरींत बसली होती. मीं विचारलें, "आई, आत्याआजीचें नांव काय ग?"

"आत्या," ती म्हणाली. "आम्ही सगळीं आत्याच म्हणत होतों."

"तें नव्हे. तिचें स्वतःचें नांव. माहेरचें."

आई बराच वेळ आठवीत राहिली. मामंजी तिला काय हांक मारीत, तें तिनें ओठांतल्या ओठांत दोन-तीनदां म्हणून पाहिलें. तेंही "अगो" एवढेंच होतें. मग दिवेलागणीची वेळ झाली म्हणून ती उठून आंत गेली.