पारोच्या हातातला रंग

भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल विसावला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या या अधिकाऱ्याची नेमणूक केली. तो आला आणि इथलाच होऊन राहिला. १८७९ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, आजारपणात त्याने प्राण सोडला. त्याची इथली प्रेयसी पारो त्याच्या २३ वर्षं आधी गेली होती. अजिंठा गावात तिची समाधी आहे. त्या दगडावर २३ मे १८५६ ही तारीख आहे आणि ती आपल्याला प्रिय होती, असं गिलने त्यावर कोरून घेतलं आहे.

एवढ्या ऐवजावर आपण दीडशे वर्षं एक प्रेमकथा जपली. ना. धों. महानोरांनी त्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. जळगावहून लेण्यांकडे निघालं की फर्दापूर येईपर्यंत कुणीतरी ही गोष्ट सांगतंच. त्या गोष्टीत पारो गिलला पानाफुलांचे, मातीचे रंग करून देते. म्हणजे ती नुसती प्रेयसी नाही, त्याच्या चित्रांत तिचाही हात आहे.

गिलच्या प्रतिकृती मात्र कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या आहेत. त्यासाठी रानातली पानं कुटायची फारशी गरज नव्हती. हे कळल्यावर गोष्ट खोटी म्हणून सोडून देता येईल. मला ती सोडवत नाही. लोकांनी पारोच्या हाती रंग का दिला, हे मला त्या रंगाच्या खरेपणाहून महत्त्वाचं वाटतं.

याचं उत्तर मला जळगावजवळच्या आसोद्यात मिळतं. बहिणाबाई चौधरी तिथल्या. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी निघाला, घरातल्यांनी त्या ओव्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. मधली एक कडी निसटली असती तर आज आपण त्यांना एका कवीची कष्टाळू आई म्हणून दोन ओळींत ओळखलं असतं. बाईची कला कशी विरून जाते, हे या प्रदेशाला पक्कं ठाऊक आहे. पारोला सोपानदेव मिळाला नाही. मग तिच्या हातात रंग देऊन लोकांनी आपल्या परीने तिला न्याय दिला.

चाळीसगावातही अशीच गोष्ट सांगतात. छायाचित्रकार केकी मूस विलायतेत शिकून परतले आणि उरलेलं आयुष्य जवळजवळ सगळं त्यांनी घरातच काढलं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. मुंबईच्या मैत्रिणीने दिलेल्या शब्दाखातर ते रोज पंजाब मेलची वेळ होईपर्यंत दोघांचं ताट मांडून बसत, असं म्हणतात. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. इथेही वाट पाहणाऱ्याची कला घरभर उरली. जिची वाट पाहिली, ती मात्र त्याच्या गोष्टीपुरतीच राहिली.

हे फक्त जुन्या गोष्टींतच घडतं असं नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांना एक अनुभव असतो. ताप चढला की त्याच्या काळाचे कप्पे मोडतात. काल भेटायला आलेला माणूस आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीची हाक स्पष्ट ऐकू येते. जोडीने कला केलेल्या माणसांचं तर विचारूच नका. कुठल्या गावच्या जत्रेत कुणाचा आवाज बसला, कुणी सावरून घेतलं, हे सगळं इस्पितळातल्या खाटेवर बाहेर येतं. खानदेशात वहीगायन करणाऱ्यांत, तमाशाच्या फडांत अशा जोड्या आहेत. पण आपण वही घेऊन बसतो ती नाव झालेल्याच्या पायाशी. शेजारी गोळ्या मोजत बसलेल्या बाईला ‘तुम्ही कसं निभावलंत?’ एवढंच विचारतो. ‘त्यातली चाल तुमची होती का?’ असं कुणी विचारत नाही. मला ही आपली मोठी चूक वाटते. कारण ती आजारी पडेल, तेव्हा विचारायला कदाचित कुणीच उरलेलं नसेल.

कागदाशिवाय इतिहास बोलायचा नाही, हे आपल्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शिकवलं. गावोगाव फिरून त्यांनी दप्तरं गोळा केली. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. ती शिस्त मला प्यारी आहे. तिच्या कसोटीला पारोचे रंग उतरणार नाहीत, हेही मला मान्य आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि गिलच्या बहुतेक प्रतिकृती तिथे होत्या, त्या जळाल्या. त्यामुळे ज्या कॅनव्हासवर तिचा हात शोधायचा, तेही गेले.

तिच्या समाधीचा दगड मात्र त्या कसोटीला उतरतो. गिल विवाहित होता, त्याला मुलं होती, तो कंपनीच्या फौजेतला साहेब होता. त्या काळी असे अनेक साहेब एतद्देशीय बायकांबरोबर राहिले आणि कागदोपत्री त्यांचं नावही येऊ दिलं नाही. हे सारं पाहता गिलला झाकून नेणं सहज शक्य होतं. त्याने तिचं नाव आणि तिच्याशी असलेलं नातं उघड्यावर, गावात, सगळ्यांना दिसेल असं कोरून घेतलं. पारो चित्र काढायची की नाही, हे त्या दगडावरून ठरणार नाही. पण आपल्या माणसाला लपवायचं नाही, एवढं तरी त्या चित्रकाराने १८५६ मध्ये करून दाखवलं होतं.