पीक तुडवू नये म्हणून

डहाणू तालुक्यातल्या बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत. अशा वाडीत तंबूत राहायचे, पण पलंग-गादी, गरम पाणी आणि बऱ्याचदा एसीही आतच, या सुट्टीला ग्लॅम्पिंग म्हणतात आणि ती आता मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या आवाक्यात आली आहे. त्या पट्ट्यात ती शोभते, कारण वाडी अजून वाडी आहे. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि तिथल्या उद्योगांना मर्यादा घातल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाहुणा येवो न येवो, चिकू उतरवला जातो, प्रतवारी होते, माल बाजाराला जातो. पाहुण्याचे पैसे तिथे वरकड उत्पन्न असतात आणि ते तसेच असावेत.

अजिंठ्याच्या परिसरात मात्र पाहुणा थांबतच नाही. संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर यायचे, फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडून बसने चार किलोमीटर आत जायचे, लेणी बघायची आणि अंधार पडायच्या आत परतायचे. १९८३ साली जागतिक वारसा ठरलेल्या या जागेच्या भोवतीचे सिल्लोड-सोयगावचे शिवार, त्यातला कापूस, मका, मिरची गाडीच्या काचेतून मागे पडते. इथल्या शेतकऱ्याच्या घरात पर्यटनाचा रुपया जवळजवळ पोचत नाही. म्हणून इथे शेतावरचे मुक्काम उभे राहावेत असे मला मनापासून वाटते. पण ते समुद्रकाठाची नक्कल करून उभे राहिले, तर ते न झालेलेच बरे.

या डोंगरात मुक्कामाचा फार जुना विचार कोरलेला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचे कारण दिले आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत आणि पिके तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. विहारांची परंपरा या स्थिर मुक्कामातून वाढली. अजिंठ्याचे बारावे लेणे हे तिथल्या जुन्या विहारांपैकी एक. त्यात बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. त्या नियमात पाहुण्याच्या वागण्याची मर्यादा शेतकऱ्याच्या पिकाने ठरवली होती. आजच्या शेतमुक्कामाचे नियम करतानाही मोजमाप तेच हवे.

पहिली अडचण हंगामाची. मराठी कुटुंबाची मोठी सुट्टी मे महिन्यात. कोकणात तेव्हा आंबे-फणस असतात, समुद्र असतो. आपल्याकडे तेव्हा रान नांगरून तापत पडलेले, विहिरींनी तळ गाठलेला आणि कित्येक गावांत टँकरची वाट. अशा दिवसांत तंबूला जोडलेले आंघोळीचे टब आणि शेजारी पोहण्याचा तलाव बांधणे हा माझ्या मते सरळ अन्याय आहे, मग बोअर मालकाच्या हद्दीत का असेना. जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. उन्हाळ्यात इथे मुक्काम नकोच, असे धोरणच असले पाहिजे.

दुसरी गोष्ट रात्रीची. शहरातला माणूस शेतावर रात्र काढायला येतो ती चांदण्यांसाठी. शेतकऱ्याची रात्र वेगळी असते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आलटून-पालटून दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की थंडीत, विंचूकाट्यात बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जावे लागते. रानडुकरे आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून माळ्यावर राखण असते. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली आहे, पण जिथे ती पोचलेली नाही तिथे हीच रात्र आहे. मुलांना ही रात्र दाखवावी. बारे देणाऱ्या माणसाबरोबर तासभर बांधावर उभे राहिले, तर वाफा भरायला किती वेळ लागतो हे त्यांना कळेल. ते दडवून नुसते दिवे लावलेले रान दाखवायचे असेल, तर त्यासाठी शेत कशाला हवे?

आणि स्वयंपाक. शेतमुक्कामाची कीर्ती भाकरी-ठेच्यावर चालते, आणि भाकरी बाई थापते. दिवाळीनंतर पर्यटक वाढतात, नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते, तीही मुख्यतः बायकांच्याच हातांनी. दिवसभर वेचून आलेल्या बाईने रात्री वीस पाहुण्यांच्या भाकरी थापायच्या आणि पैसे मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात, ही व्यवस्था मला मान्य नाही. राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. नेरळची सगुणा बाग किंवा बारामतीजवळ पळशीवाडी इथे शेती आणि पाहुणा एकत्र नांदू शकतात हे त्याआधीच दिसले होते. आता कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीत घरातल्या बाईचे नाव बरोबरीने लागले पाहिजे आणि स्वयंपाकाची मजुरी वेगळी धरली पाहिजे.

मराठवाड्याला शेतावरची सुट्टी बाहेरून शिकायची गरज नाही. आपल्याकडे हुरडा आहे. डिसेंबर-जानेवारीत कणसात दूध भरले की आगटी पेटवायची, कणसे भाजून तळहातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे. सोयरेधायरे, शेजारी, मास्तर, सगळ्यांना बोलावणे जायचे. आज शहराजवळच्या शेतांवर हुरडा तिकीट लावून मिळतो, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही; ज्वारी पेरणाऱ्याला दाम मिळायलाच हवा. कापूस आणि मक्यापुढे ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली की कडबा जातो, आणि कडबा गेला की दावणीची जनावरे ठेवणे जड होते. हुरड्याच्या पाहुण्यासाठी कुणी एकरभर सुरती किंवा गुळभेंडी पेरली, तर त्या मुक्कामाने शिवारात काहीतरी परत आणले असे म्हणता येईल. तिथे तंबू असू दे, गादीही असू दे. म्हाताऱ्या आजीला जमिनीवर झोपवावे असा माझा हट्ट नाही.

सोय तर आयतीच आहे. लेणी सोमवारी बंद असतात. लांबून आलेले कुटुंब रविवारी चुकून संध्याकाळी पोचले, तर हळहळत परत फिरते. त्याने त्या रात्री फर्दापूरच्या किंवा वर लेणापूरच्या शेतात राहावे, सोमवार वेचणीत आणि आगटीजवळ घालवावा आणि मंगळवारी लेण्यांत शिरावे. तिथे दुसऱ्या लेण्यात पूर्ण या व्यापाऱ्याची बौद्ध कथा रंगवली आहे, जहाजासकट. पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा. समुद्र बघायला निघालेल्या मुलांना तो तिथेही भेटेल.