दवंडी आणि वैराग्य

एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी मिळून व्हिडिओ गेम बनवणारी माणसं एका टप्प्यावर हमखास अडखळतात. कोड लिहिणं, चित्रं काढणं, आवाज बसवणं, रात्र रात्र जागून चुका शोधणं, यातलं काहीच त्यांना जड जात नाही. पण ‘माझा गेम खेळून बघा’ हे चार शब्द अनोळखी माणसाला म्हणायची वेळ आली की जीभ उचलत नाही. आपल्याकडे या अडखळण्याला लगेच एक उदात्त नावही मिळतं. गीतेचा दाखला निघतो: माणसानं काम करावं, फळाची आशा धरू नये; खेळाडू मिळणं हे फळ, तेव्हा त्यांच्यामागे धावणं ही आसक्ती. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये, ही घरातली शिकवण जोडीला असतेच. मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो, आणि तो गीतेच्याच हिशेबानं चुकतो. खेळाडू शोधणं हे कर्मात मोडतं. फळाची हद्द त्याच्यापुढे सुरू होते.

गेम पूर्ण कधी होतो, इथून सुरुवात करू. पहिल्या पातळीवर एक दार आहे असं समजा. ते उघडायची कळ बनवणाऱ्याच्या मते इतकी ठळक आहे, की शेंबड्या पोरालाही दिसावी. नवखा खेळाडू बसतो. कळीसमोरून तीनदा जातो, भिंतीला धडका मारतो, उगाच उड्या मारतो आणि शेवटी एका पेटीवर चढून अशा कोपऱ्यातून खाली पडतो, की जिथून पडता येतं हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. बनवणारा मागे हाताची घडी घालून उभा, कारण चाचणीत तोंड उघडायचं नाही हा दंडक. त्या दहा मिनिटांत त्याला कळतं की आपण दार बनवलंच नव्हतं, दाराची आपल्यापुरती कल्पना बनवली होती. ‘अमंग अस’सारख्या गेमचं तर विचारूच नका. निदान चार जण जमल्याशिवाय त्याचा डाव सुरूच होत नाही. त्या चौघांवाचून तो म्हणजे नुसती फोनमधली जागा. आपल्या नाट्यविचारानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याला रसाची चर्चा सहृदय प्रेक्षकाला वगळून करताच आली नसती. मग प्रेक्षक बोलावणं ही नाटकाची पुरवणी कशी म्हणायची?

यावर कोणी म्हणेल, कवितेलाही वाचक लागतो, म्हणून काय कवीनं दारोदार हिंडायचं? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला आपल्याच मातीतला दाखलाही आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं घराणं विदर्भातलं, पद्मपूरचं. समकालीनांनी नाक मुरडलं तेव्हा ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्यानं काळाच्या अनंतपणावर भरवसा ठेवला: आज ना उद्या, इथं नाही तर दुसरीकडे, आपल्या जातकुळीचा कोणी, ‘समानधर्मा’, जन्मेलच. बाराशेहून अधिक वर्षांनी आपण त्याला वाचतो आहोत, म्हणजे त्याचा हिशेब बरोबर ठरला. पण गेम बनवणाऱ्याला ही उधारी परवडत नाही. भूर्जपत्र टिकतं, सॉफ्टवेअर कुजतं. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमध्ये चालणारे असंख्य छोटे गेम एका फटक्यात मुके झाले; हौशी जतनकर्त्यांनी वाचवले तेवढे वाचले. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नं २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात सरळ मार्गानं मिळतच नाहीत असं दिसलं. भवभूतीचा समानधर्मा पाचशे वर्षांनी येऊनही चालला असता. गेमचा समानधर्मा पाच वर्षांत यायला हवा, आणि त्यासाठी त्याला गेम आहे हे कळायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त लाडका आहे: गुण असेल तर आपोआप कळतं, कस्तुरीला जाहिरात लागत नाही. याला उत्तर म्हणून मी पुन्हा ‘अमंग अस’कडेच बोट दाखवीन. तीन माणसांच्या इनरस्लॉथनं हा गेम २०१८च्या जूनमध्ये आणला. दोन वर्षं त्याला मोजकेच खेळाडू होते. २०२०च्या उन्हाळ्यात काही मोठ्या स्ट्रीमरांनी तो खेळून दाखवला, आणि टाळेबंदीत घरी बसलेलं जग त्यावर तुटून पडलं. गेम मुळात तोच होता. कस्तुरी दोन वर्षं त्याच डबीत होती. ‘म्हणजे नशीबच की!’ असं कोणी म्हणेल. हो, नशीब होतंच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म सिद्धीस जायला पाच कारणं सांगितली आहेत, त्यात दैव आहे. पण ते पाचवं आहे. आधीची चार म्हणजे अधिष्ठान, कर्ता, साधनं आणि निरनिराळ्या खटपटी. इनरस्लॉथची माणसं त्या दोन वर्षांत गेम सुधारत, नवे नकाशे देत राहिली. गेम टाकून दिला असता तर दैव यायचं कुणाच्या घरी? आणि आजची गर्दी बघा. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम मांडायची फी १०० डॉलर. कोणीही भरू शकतो आणि भरतोही. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे रोजचे जवळपास पन्नास. या बाजारात गप्प बसणाऱ्याचा गुण लोकांना कळावा तरी कसा?

आता मूळ मुद्दा, वैराग्याचा. त्याच अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार केले आहेत, आणि मधला प्रकार गेमवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. काम त्रासाचं आहे, अंगाला झळ लागेल, म्हणून सोडलं तर तो त्याग राजस; त्याचं पुण्य पदरात पडत नाही. प्रचार टाळणाऱ्यांपैकी किती जण खरोखर निःसंग असतात? बहुतेकांना नकाराची भीती असते. पत्रकाराला पाठवलेल्या मेलला उत्तर येणार नाही, ट्रेलर चाळीस जण बघतील, त्यातले दोघे ‘बोअर’ म्हणतील, ही ती झळ. संकोच हा दोष नाही, पण त्याला भगवी कफनी चढवू नये. टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त साऱ्या शक्तीनिशी हेच मांडलं की गीतेचा कल काम टाकण्याकडे नाही, आसक्ती टाकून काम तडीस नेण्याकडे आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’साठी २०१७ साली लोकवर्गणीची हाक दिली. ठरवलेली रक्कम जमली नाही. सगळ्या जगासमोर झालेला नकारच तो. त्यांनी काम थांबवलं नाही, तोंडही लपवलं नाही. २०२०मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमांच्या नामांकनात पोचला. बक्षीस दुसऱ्याला मिळालं. ते असो.

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून बाकी आहे. प्रचार माणसाला बिघडवतो. एकदा किती जणांनी गेम विशलिस्टमध्ये टाकला हा आकडा उघडून बसलं की दर दहा मिनिटांनी बोट तिकडे जातं. मग आकडा वाढेल असंच चित्र, असंच नाव, अशीच पातळी बनवावीशी वाटते, आणि बनवणारा हळूहळू आकड्याचा नोकर होतो. हे खरं आहे. म्हणूनच रेघ नेमकी कुठे ओढायची ते बघावं लागतं. माझ्या मते ती खेळाडू आणि आकडा यांच्यामध्ये आहे. ज्याला हा गेम आवडेल त्याच्यापर्यंत खरी माहिती पोचवणं, त्याला फुकट डेमो देणं, ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवणं हे कर्म. तो खेळल्यावर खूश झाला का, किती आले, किती पैसे मिळाले, हे फळ. पहिल्यासाठी जिवाचं रान करावं. दुसऱ्यासाठी खोटेपणा सुरू झाला की घसरण सुरू. बाजारालाही हा फरक पाळावा लागला आहे. गेम उघडायच्या फुकट ‘की’ (संकेतांक) वाटून अभिप्राय गोळा करण्याचे प्रकार वाढले, तेव्हा स्टीमनं २०१६ पासून बाहेरून मिळालेल्या ‘की’वरचे अभिप्राय गुणांकनात धरणं बंद केलं. शिवाय खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो, म्हणजे आमंत्रण झिडकारायची सोय आमंत्रणातच आहे. आणि न मागितल्यानं माणूस बंधनातून सुटतो, हे तरी कुठे खरं आहे? व्हिएतनामच्या डाँग न्युएननं ‘फ्लॅपी बर्ड’ २०१३ साली फारसा गाजावाजा न करता सोडला. २०१४च्या जानेवारीत तो अचानक अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेला आणि फेब्रुवारीत त्यानं स्वतःच तो काढून घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय हे त्याला सहन होईना. फळ न बोलावता आलं आणि तरीही मानेवर बसलं.

राहिली आत्मस्तुती. ‘हा गेम थोर आहे’ ही स्तुती. ‘हा गेम आहे, कोड्यांचा आहे, तीन तासांचा आहे, मराठीतही आहे’ ही दवंडी. दवंडी पिटणारा स्वतःचे गुण गात नसतो, गावाला बातमी देत असतो. बोधी मिळाल्यावर बुद्धांनाही प्रश्न पडला होता की हे कुणाला कळणार, न सांगितलेलंच बरं. मग ते सांगायला निघाले. वाटेत पहिला भेटला उपक नावाचा आजीवक पंथाचा साधू. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ‘असेलही’ असं काहीसं म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या वाटेनं चालता झाला. बुद्धांनी त्याला धरून ठेवलं नाही, की घरी परतून ‘लोकांची लायकी नाही’ असंही म्हटलं नाही. ते पुढे सारनाथला गेले. तिथे त्यांचं ऐकणारे पाच जण होते.

हे सगळं बनवणाऱ्याच्या बाजूनं झालं. सहृदय म्हणवणाऱ्यांकडेही थोडं काम उरतं. निदान दहा अभिप्राय जमेपर्यंत स्टीम कोणत्याही गेमला एकूण शेरा देत नाही, आणि शेरा नसलेल्या गेमकडे गिऱ्हाईक सहसा वळत नाही. तेव्हा एखाद्या अनोळखी माणसाचा छोटा गेम तुम्ही विकत घेऊन खेळला असाल, तर आवडला असो वा नसो, त्याच्या पानावर दोन खऱ्या ओळी लिहा.