विषय कोण ठरवतं?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली. खेड्यातल्या बाईला तिच्यात जागा होती, पण घरापुरती. ग्रामसेविका यायची, महिला मंडळ स्थापन व्हायचं. शिवणकाम, सकस आहार आणि निर्धूर चूल शिकवली जायची. बियाणं, खत, कर्ज यांचं बोलणं मात्र पुरुषांशी. लावणी, खुरपणी, काढणी जिच्या हातून होते तिला शेतीबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. १९५७च्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर दोन स्त्रिया घ्याव्यात असं सुचवलं, तेही स्त्रिया आणि मुलांच्या कामात रस असलेल्या. बाईने कशात रस घ्यावा, हे आधीच ठरलं होतं.

ही समजूत मोडली ती १९७२च्या दुष्काळाने. खडी फोडायला, पाझर तलावांची माती वाहायला बायका मोठ्या संख्येने आल्या. मस्टरवर त्यांची नावं लागली. ‘आम्हाला काम द्या’ ही मागणी घेऊन त्या मोर्चांतही उतरल्या. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे या बायकांचाही रेटा होता.

त्याच सुमारास जामखेडला जे घडत होतं ते मला याहून खोल वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले. गावोगावच्या आरोग्याचं काम त्यांनी गावातल्याच बायकांवर सोपवलं. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांबद्दल त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परतून शिकवायच्या. पण आजाराचं मूळ शोधू लागल्यावर गोष्ट औषधापाशी थांबेना. पाणी कुठलं, विहिरीवर कुणाला चढू देतात, मुलीच्या ताटात काय वाढलं जातं, लग्न कितव्या वर्षी होतं, हे सगळं आरोग्याच्या कामात आलं. हे प्रश्न वरून आलेल्या कुठल्या आराखड्यातून निघाले नव्हते. ज्या घरांत मुलं दगावत होती, तिथून ते निघाले होते.

१९८६ साली शेतकरी संघटनेच्या चांदवड अधिवेशनात लाखो शेतकरी बायका जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा वाटा पत्नीच्या नावावर केला. सातबाऱ्यावर नाव असलं की बोलण्याला वजन येतं, हे सांगायला अभ्यासवर्ग लागत नाही.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेआधी महिला सभाही घ्यायची असते. ती अनेकदा अशा वेळी ठेवली जाते की बायका रानात असतात. ज्या येतात त्या पाण्यावर, रेशनवर, दारूवर तळमळून बोलतात. गावाच्या निधीचा आराखडा मात्र तोवर कागदावर उतरलेला असतो. माझा आग्रह या क्रमाबद्दल आहे. सभा रानातून परतल्यावर, संध्याकाळी घ्यावी. आराखड्याची पानं तेव्हा कोरी असावीत, आणि रस्ता आधी की नळ, हे त्या सभेतच लिहिलं जावं.