सृष्टिसौंदर्य आणि अलिप्तता

आश्विन-कार्तिकाच्या सुमारास यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा एक दिवसाचा प्रवास मोटारीने करणाऱ्यास सृष्टिसौंदर्याची वाण भासत नाही. अजिंठ्याच्या रांगेचे हे फाटे फारसे उंच नाहीत, परंतु सागवानाचे रान, पिवळे पडू लागलेले गवत आणि पुसदहून वाशीमकडे जाताना लागणारा खंडाळ्याचा घाट (हा मुंबईकरांचा खंडाळा नव्हे!) यांनी चित्त प्रसन्न होते. मोटार कडेला उभी करून एखादी टेकडी चढून जावे, तो खाली तुरीच्या हिरव्या पट्ट्यांमधून फुटलेली पांढरी कपाशी दूरवर पसरलेली दिसते. हे पाहून आनंद होतो, यात वाद नाही. तो आनंद निर्दोष आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

२०१७ साली पावसाळा सरता सरता याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले; शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले. औषधांची जहाल मिश्रणे, तोंडाला फडके व हाताला मोजे नसणे, अशी अनेक कारणे तेव्हा सांगण्यात आली. त्यांत एक कारण असेही होते की, त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली होती. पीक डोक्याच्या उंचीला आले आणि फवारा माणसाच्या तोंडावर येऊ लागला. म्हणजे टेकडीवरून पाहणाऱ्यास त्या वर्षीचे शेत अधिकच रम्य दिसले असले पाहिजे.

सौंदर्यविचारात हा आक्षेप अगदीच अपरिचित आहे असे नाही. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कान्टने राजवाड्याचा दाखला दिला आहे. राजवाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले असता, रयतेचा घाम अशा अनावश्यक वस्तूंवर उधळणाऱ्या बड्या लोकांची रूसोच्या पद्धतीने निर्भर्त्सना करता येईल. पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, असे त्याचे म्हणणे. सौंदर्याचा निर्णय देणाऱ्याने त्या वस्तूविषयी कोणतीही आस बाळगता कामा नये. तर्क म्हणून हे बिनतोड आहे. तथापि राजवाडा बांधून झालेला असतो. कपाशीत मनुष्य अजून वाकलेलाच आहे. शिवाय ज्याला काही गमवावयाचे नाही त्याची अलिप्तता फुकटची असते. आपल्याकडे अनासक्ती सांगितली ती लढणाऱ्या अर्जुनाला, रणांगणाची शोभा पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला नव्हे.

उलटपक्षी, अशा दृश्यात रमणे हेच पाप, असे मानणारे सज्जनही आहेत. त्यांचे मला पटत नाही. मोटार न थांबविल्याने फवारणी करणाऱ्याच्या हातांत मोजे येत नाहीत. आणि या वैराग्यात एक सूक्ष्म अहंकारही दडलेला असतो: पोटाच्या चिंतेत असलेल्या शेतकऱ्यास सौंदर्य दिसतच नाही, असे ते धरून चालतात. गरज भागल्यावाचून रुचीची परीक्षा होत नाही, असे म्हणणारा कान्टही येथे त्यांच्याच पंक्तीस बसतो. विदर्भातील 'सीतादही'ची चाल यांपैकी कोणीही पाहिलेली नाही. पहिल्या वेचणीच्या वेळी शेताची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखविला जातो. ज्याचे कर्ज त्या बोंडांवर फिटावयाचे असते तोच त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहतो. त्याच्या दृष्टीला अलिप्त म्हणता येणार नाही. पण रसहीन तरी कसे म्हणावे?

तेव्हा मोटारीतील प्रवाशाचा दोष आनंदाचा नसून अंतराचा आहे, असे मला वाटते. टेकडी चढण्याइतकेच ती उतरून धुऱ्याने कपाशीपर्यंत चालत जाणे अगत्याचे आहे. तेथे वाळलेल्या बोंडाचे टोक बोटात रुतते. वेचणाऱ्या बायांची मजुरी वजनावर ठरते आणि कापूस तर हलका असतो. इतके कळल्यावरही शेताचा पांढरा रंग उणा होत नाही. वऱ्हाडीत 'साजरा' म्हणून एक शब्द आहे; तो रूपालाही लागतो आणि गुणालाही. यंदाचा कापूस कसा आहे, असे त्या बाईस विचारले तर ती 'साजरा हाय' म्हणेल, आणि त्याच दमात, शहरात भाव काय निघाला, ते आपल्याला विचारील.